विचारा की! : ‘डिफेन्स झाला की’ म्हणणाऱ्या घरांमधली पत्रं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की नवरा पीएचडी करत होता तेव्हा आम्ही सहा वर्षं, म्हणजे २००६ ते २०१२, अमेरिकेत मॅडिसनला युनिव्हर्सिटीच्या फॅमिली क्वार्टर्समधे काढली, गेलो तेव्हा लेक पोटात होती आणि परत आलो तेव्हा ती बालवाडीतनं शिकून आलेलं इंग्लिश आजीला शिकवत होती. एवढं एकच वाक्य होतं हो. पण त्यावर पत्रांचा ढीग आला आणि सगळी एकाच सुरातली, कुणी पुण्यातनं कुणी अमेरिकेतनं कुणी नांदेडहून, घरात एकजण पीएचडी करतोय आणि बाकीचे घर सांभाळतायत. त्यातली पाच या वेळी घेतलीत. नावं कुणाचीच छापत नाहीये आणि ज्यांनी गाइडचं किंवा संस्थेचं नाव लिहिलं होतं तेही काढलंय, उगाच डिफेन्सच्या, म्हणजे पीएचडीच्या शेवटच्या तोंडी परीक्षेच्या, आधी भांडणं नकोत.

ताई, माझा नवरा मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगची पीएचडी करतोय, तिसरं वर्ष चालू आहे. मी नाशिकला बँकेत क्रेडिट ऑफिसर होते, नोकरी सोडून एफ-२ व्हिसावर (विद्यार्थ्याच्या बायकोमुलांना मिळतो तो) इथे आले. मुलगा अडीच वर्षांचा. नवरा सकाळी नऊला जातो तो रात्री नऊला येतो, आणि आला तरी डोकं लॅबमधेच असतं. मला नोकरी करायची परवानगी नाही, गाडी एकच आणि तीही तो नेतो. दिवसभर मी अडीच वर्षांच्या माणसाशी बोलते आणि रात्री नवऱ्याशी भांडते. काहीही म्हटलं की तो म्हणतो डिफेन्स झाला की सगळं ठीक होईल. सासूबाई फोनवर म्हणतात मजा आहे बाई तुझी, अमेरिका! मी कृतघ्न आहे का?

अगं कृतघ्न-बितघ्न काही नाहीस. तुझं पत्र वाचलं आणि मला माझा तिथला पहिला जानेवारी आठवला. बाहेर उणे वीस, खिडकीच्या काचेला आतल्या बाजूने बर्फाची नक्षी, समोरचं मेंडोटा तळं गोठून पांढरंफटक, लेक सहा आठवड्यांची आणि मी खिडकीशी बसून ८० नंबरच्या बसची वाट बघतेय. ही बस कॅम्पसवरनं आमच्या क्वार्टर्सना, ईगल हाइट्सला यायची, फुकट होती म्हणून आम्ही गाडीच घेतली नव्हती. तिच्या ब्रेकचा आवाज मला लांबून ओळखू यायला लागला होता. आवाज आला की मी उठायची आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाचा तरी नवरा उतरायचा. माझा साडेदहाला उगवायचा आणि म्हणायचा, अगं एक रन चालू होता. ‘रन’, म्हणजे लॅबमधल्या प्रयोगाची फेरी, हा शब्द मला त्या वर्षी सवतीसारखा वाटायचा, खरं सांगते.

आता ते ‘डिफेन्स झाला की’. आमच्या फ्रिजवर याच नावाची यादीच होती. पडदे, आईबाबांना पुन्हा बोलावणं, नायगारा, लेकीचे धड फोटो, आणि सगळ्यात वर गादी. आमची गादी आधीच्या कुटुंबाने जाताना फुकट दिलेली, मधोमध खचलेली, तिघं झोपलो की तिघंही घरंगळत मधल्या खड्ड्यात. नवी घ्यायची, पण डिफेन्स झाला की. तिसऱ्या वर्षी माझी पाठ अशी धरली की लेकीला उचलता येईना, तेव्हा पडल्यापडल्या हिशोब केला, अजून तीन वर्षं म्हणजे हजारच्या वर रात्री या खड्ड्यात काढायच्या. शनिवारी जाऊन गादी आणली. बँकेत पैसे कमी झाले, पण झोप लागली, आणि यादी मी फाडून टाकली. तुझ्याही घरात अशी यादी असणार, फ्रिजवर नसेल तर डोक्यात. त्यातल्या गादीएवढ्या महत्त्वाच्या दोन गोष्टी काढ आणि या महिन्यात करून टाक.

नवऱ्याशी भांडायचंच असेल तर ‘लवकर येत जा’ यावर भांडू नकोस, त्याला काही अर्थ नसतो, लवकर म्हणजे किती ते त्यालाही माहीत नसतं. वार आणि वेळ माग. आमच्याकडे मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी सहा ते नऊ पोरगी बाबाची, असं ठरलं, आणि त्या तीन तासांत मी घरात थांबायचीच नाही, कारण थांबलं की ‘अगं हिचा डबा कुठेय’ सुरू होतं. पहिले दोन आठवडे त्याने कुरकुर केली. नंतर त्याचे रनसुद्धा मंगळवार-गुरुवार सोडून लागायला लागले, म्हणजे लावता येत होते की! कागदावर असिस्टंटशिपचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ज्याचा पगार देते ते, काम आठवड्याला वीसच तासांचं असतं, बाकीचं सगळं त्याचं स्वतःचं संशोधन, ते कमी कर असं मी म्हणणार नाही पण कुठल्या दिवशी करायचं यात घराला मत पाहिजे.

गाडीचं म्हणशील तर तू लायसन्स काढ, आधी तेच कर. एफ-२ वाल्यांना सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथला सरकारी ओळख नंबर, मिळत नाही हे खरंय, पण ‘यांना मिळू शकत नाही’ असं पत्र सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात मिळतं, बहुतेक राज्यांत ते आणि बाकीची कागदपत्रं घेऊन लायसन्सच्या ऑफिसात गेलं की काम होतं. मग आठवड्यातले दोन दिवस नवरा बसने किंवा सायकलने जाईल, काही बिघडत नाही.

आणि शिकायचं बघ. माझ्या वेळी एफ-२ वर डिग्रीसाठी शिकायलाही बंदी होती, मुलं शाळेत जाऊ शकत पण बायकांनी फक्त हौसेचे क्लास करायचे, मी तिथे मातीची भांडी करायला शिकले, ती अजून गळतात. २०१५ पासून नियम बदललाय, मान्यताप्राप्त कॉलेजात पार्ट टाइम शिकता येतं. कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगचा एखादाच कोर्स घे, फी युनिव्हर्सिटीपेक्षा बरीच कमी असते आणि पुढे फुल टाइम शिकावंसं वाटलं तर स्वतःचा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा, करून घेता येतो. नाशिकच्या बँकेचं काम तिकडनं ऑनलाइन करू का असं तू तळटीपेत विचारलंयस, ते मात्र मी सांगणार नाही, युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन विचार आणि विचारल्याशिवाय गुपचूप काहीही करू नकोस, तुझं तिथलं राहणंच धोक्यात येईल.

तू क्रेडिट ऑफिसर ना? मग घराचा टॅक्स तुझ्याकडे घे. भारत-अमेरिका कर-कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना तिथे स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातनं ठरावीक वजावट, मिळतं, इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही, आणि आपल्याकडच्या कित्येक मुलांना हे माहीतच नसतं. एक रुपया कमावत नसलीस तरी तुझा स्वतःचा ८८४३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो हेही बघून ठेव. मी पहिल्या वर्षी आमचा रिटर्न भरला तेव्हा आजूबाजूच्या चार बिऱ्हाडांनी आपले कागद आणून दाखवले, म्हणजे मार्चमधे आमच्या स्वयंपाकघरात शाखाच उघडली होती. पैसे घ्यायचे नाहीत हं, चहा घ्यायचा.

लोकांबद्दल एकच, मराठीच माणसं शोधत बसू नकोस. मंडळाचा गणपती वर्षातनं एकदा, रोज कोण भेटणार? लायब्ररीत लहान मुलांना गोष्टी सांगतात तिथे जा, फुकट असतं, आणि तिथे तुझ्यासारख्याच जांभया देणाऱ्या बायका येतात. ईगल हाइट्सला शेताचे वाफे मिळायचे, शेकडो आहेत तिथे, बर्फ गेलं की मे ते ऑक्टोबर जेवढं काढाल तेवढं. मी मेथी पेरली होती, शेजारच्या वाफ्यात एक कोरियन बाई मुळे लावायची. तिचं इंग्लिश माझ्याहून कच्चं, माझं तिच्याहून कच्चं, पण तिने मला मुळ्याचं किमची दिलं आणि मी तिला मेथीची गड्डी, आणि लेक पहिल्यांदा चालली ती तिच्या वाफ्यातनं, मुळे तुडवत.

सासूबाईंना सांग की हो मजा आहे, तुम्ही कधी येताय? जानेवारीत बोलव.

ताई, मी पुण्यात पीएचडी करतोय, चौथं वर्ष. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी चार वर्षांची. फेलोशिप आहे, जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप), पण चार-पाच महिने काही येत नाही आणि मग एकदम येते, तोपर्यंत घर बायकोच्या पगारावर. सांगलीहून वडील (ऊसशेती करतात) फोन करतात तर पहिला प्रश्न, अजून शिकतोयसच का? माझ्या वर्गातली मुलं फ्लॅट घेऊन बसली. परवा मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ असं होतं तिथे मी पाच मिनिटं पेन धरून बसलो. घरात जमेल तेवढी मदत करतो. पैशाचं कसं करावं?

आधी फॉर्म. ‘संशोधक’ लिही आणि उत्पन्नाच्या रकान्यात फेलोशिपचा आकडा लिही, खोटं काही नाही त्यात. जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून ३७ हजार आहे, आधी ३१ होती, आणि पुढची एसआरएफ, म्हणजे सीनिअर रिसर्च फेलोशिप, ४२ हजार. पुण्यात कित्येक घरं याच्यापेक्षा कमी पैशात चालतात बाबा. तुझं दुखणं आकड्याचं नाहीच, पैसे कधी येतील ते माहीत नसतं, ते आहे. सांगलीच्या शेतकऱ्याला हे तुझ्यापेक्षा चांगलं कळेल, ऊसाचं बिल काय दर महिन्याला येतं का? वडिलांना याच भाषेत सांगून बघ, बाबा माझं बिल कारखान्यासारखं आहे, येतं पण थांबून. मी हे गमतीत म्हणत नाहीये.

म्हणून घरही तसंच चालवायचं, हंगामासारखं. एकदम दीड-दोन लाख जमा झाले की ते ‘आले’ असं समजायचंच नाही. वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्यातनं दर महिन्याच्या १ तारखेला बायकोच्या खात्यात ठरलेली रक्कम आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवायची, ३७ येत असतील तर २५ पाठव, वरचं तसंच राहू दे, पुढच्या कोरड्या महिन्यांना तेच पुरणार. तू लिहिलंयस की मागच्या वेळी पैसे आल्यावर फ्रिज घेतला आणि महाबळेश्वरला गेलात आणि पुढचे तीन महिने उसने. फ्रिजला माझी ना नाही. महाबळेश्वर पंधरा दिवस थांबलं असतं.

दुसरं, तुझ्या पत्रावरून मला शंका येतेय की तू मिळण्यासारखं सगळं घेतच नाहीयेस. तू हॉस्टेलला राहत नाहीस, भाड्याच्या घरात राहतोस, मग घरभाडं भत्ता लागू आहे का ते बघितलंस? त्याला भाडेकरार लागतो, वेळच्या वेळी क्लेम टाकावा लागतो. आणि चौथं वर्ष असून तू जेआरएफ म्हणतोस! दोन वर्षांनंतर मूल्यमापन होऊन एसआरएफ होते, ती फाइल कुठे अडकलीय? महिन्याला ५ हजारांचा फरक, वर्षाचे ६० हजार. मिळतील थकबाकी म्हणून, पण कुणीतरी टेबलावर जाऊन उभं राहिल्याशिवाय फाइल हलत नाही हे तुला मी सांगायला नको. आठवड्यातला एक दिवस, समज बुधवार, दुपारी जेवणानंतर ऑफिसात जायचं, त्याच क्लार्ककडे, भांडण न करता, तारखेची नोंद वहीत. माझ्या ओळखीचा एकजण जाताना दोन चहा घेऊन जायचा, त्याची फाइल कधी अडली नाही.

आणि ती ‘मदत’. अरे घर तुझं, पोरगी तुझी, मग मदत कुणाला करतोस? बायको सात वाजता शाळेत जाते असं तू लिहिलंस, म्हणजे सकाळी मुलीची वेणी, डबा, रिक्षा हे सगळं तुझंच असणार, आणि तरी त्याला मदत म्हणतोस. ते तुझं काम आहे आणि तू ते करतोयस, वडिलांनाही सांग, सांगायला लाजू नकोस. पीएचडीच्या वेळापत्रकाची एक चांगली बाजू अशी की सकाळी दहाच्या आत कुणी विचारत नाही. माझ्या नवऱ्याला लेकीच्या दोन वेण्या घालता यायच्या, फक्त दोन्ही एका उंचीवर कधी आल्या नाहीत. शाळेच्या फोटोत ती कायम जरा वाकडी दिसते.

फ्लॅट घेतलेल्या मित्रांबद्दल मी काही बोलत नाही, त्यांचे हप्ते तू बघितलेले नाहीस.

ताई, मी एका विद्यापीठात जीवशास्त्रात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. लग्नाला दोन वर्षं झाली, आता दीड महिन्याची प्रेग्नंट आहे. आधी ठरवलं होतं डिफेन्स झाला की मग बाळ, पण झालं. गाइड स्वभावाने कडक आहेत, लॅबमधल्या एका सीनिअरला त्यांनी ‘लग्न करायचं होतं तर पीएचडीला आलीस कशाला’ असं ऐकवलेलं मी ऐकलंय. आई म्हणते तीन महिने झाल्याशिवाय कुणाला सांगू नकोस. नवरा म्हणतो सोडून दे. काय करू?

अभिनंदन! ते कुणी म्हटलंच नसेल म्हणून मी आधी म्हणते.

आईचं सगळं ऐक पण हे एक ऐकू नकोस, कारण आईने कधी लॅबमधलं जेल (डीएनए किंवा प्रोटीन वेगळं करायची चाचणी) चालवलेलं नाही. जीवशास्त्राची लॅब म्हणजे एथिडियम ब्रोमाइड, फॉर्मालिन, झायलिन, अॅक्रिलअमाइड, यातलं काही ना काही रोज हाताशी असणारच, आणि पहिले तीन महिनेच सगळ्यात नाजूक असतात. तेव्हा आधी डॉक्टरला सांग की लॅबमधे कशाकशाशी संबंध येतो, कागदावर यादी करून घेऊन जा, डॉक्टरांना ही नावं रोज ऐकायला मिळत नाहीत. मग ती यादी घेऊन गाइडकडे. तोंडी नाही, मेल कर, दोन ओळींचा, की मी प्रेग्नंट आहे, डॉक्टरांनी अमुक अमुक रसायनं हाताळायची नाहीत असं सांगितलंय, तर या काळात मी डेटा अॅनालिसिस आणि लिहायचं काम करते, आणि रजेबद्दल भेटून बोलू. कडक माणसंसुद्धा लिहिलेल्या मेलला जरा सांभाळून उत्तर देतात, हा माझा अनुभव.

रजेचं नियमात आहे, कुणाच्या स्वभावावर नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएचडी नियमांत स्पष्ट लिहिलंय, महिला संशोधकांना संपूर्ण पीएचडीच्या काळात मिळून २४० दिवसांपर्यंत मातृत्व आणि बालसंगोपन रजा देता येते. मुदतही बघ, साधी सहा वर्षं, री-रजिस्ट्रेशन करून आणखी दोन, आणि महिलांना त्यावर आणखी दोन, सगळं मिळून दहाच्या वर नाही. तू तिसऱ्या वर्षात आहेस. म्हणजे वेळ आहे गं, भरपूर आहे. रजेत फेलोशिपचे पैसे चालू राहतात का ते मात्र फेलोशिप देणाऱ्यांच्या नियमात वेगळं बघावं लागतं, ते आत्ताच लेखी विचारून घे, आठव्या महिन्यात नको. रजेचा अर्ज दिलास की पोच घे, शिक्का मारलेली, आणि सल्लागार समितीपुढे दर सेमिस्टरला प्रगती सांगायची असते ना, त्या बैठकीच्या लेखी नोंदीत रजेचा उल्लेख येऊ दे. पुढे मुदतवाढ मागशील तेव्हा हा एक कागद उपयोगी पडेल.

२४० दिवस एकदम संपवू नकोस असं मी सुचवेन, तुमच्याकडे चालत असेल तर. थोडे मागे ठेव. बाळंतपणानंतर आई येते, सासू येते, घर भरलेलं असतं, खरी पंचाईत आठव्या-नवव्या महिन्यात, सगळ्या आपापल्या घरी गेलेल्या असतात आणि बाळ सरपटत प्लगपाशी. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी असा कायदा २०१७ पासून आहे, त्यात संशोधक विद्यार्थी कर्मचारी धरतात की नाही यावर वाद होतात, पण तुमच्या आवारात पाळणाघर असेल तर तिथे जाऊन नाव घालून ये, आजच, वेटिंग असतं.

नवऱ्याला विचार की सोडून दे म्हणजे नेमकं काय सोडून दे? तो स्वतः काही सोडतोय का? हे रागाने नाही विचारायचं, खरंच विचारायचं. कदाचित तो घाबरलाय आणि त्याला एवढंच वाक्य सुचलं. आणि बाळ काय डिफेन्सच्या आधी किंवा नंतर, कधीही आलं तरी पहिले सहा महिने तुला आपण शिकलोय हेच आठवणार नाही. मग हळूहळू आठवतं. थीसिस कुठे पळून जात नाही, ड्राफ्ट मात्र तीन ठिकाणी सेव्ह करून ठेव, रांगत्या पोराचा हात कीबोर्डपर्यंत पोचतो. आमच्याकडे एका चॅप्टरमधे अडीच पानं नुसतं ‘ल’ होतं.

मुलगा आणि सून अमेरिकेत शिकतात, सुनेचं बाळंतपण फेब्रुवारीत. तिची आई नाही, म्हणून मीच जाणार. पहिल्यांदाच परदेशी चाललेय. काय नेऊ, किती दिवस राहू? — एक आजी, कोल्हापूर

अहो काकू, तुम्ही जाताय हेच मोठं. डिंक, अळीव, खारीक पूड, सुंठ, बाळंतशोपा न्या, सगळं बंद पाकिटातलं, वर नाव लिहिलेलं, आणि तिथे उतरल्यावर अधिकाऱ्याने विचारलं किंवा फॉर्म दिला तर ‘खाण्याचं सामान आहे’ असं खरं सांगा. खरं सांगितलं तर फार तर एखादं पाकीट काढून ठेवतील, लपवलं तर दंड. ताजी फळं, भाज्या, झाडाची रोपं, मटणाचं काही नेऊ नका, तुळशीचं रोप तर अजिबात नाही, मला माहितीये तुमच्या मनात आलं असेल. लाडू तिथे जाऊन करा, तूप तिथे छान मिळतं. गरम कपडे इथनं फक्त आतले न्या, जाड कोट आणि बर्फातले बूट तिथेच घ्या, आपल्याकडचं स्वेटर तिकडच्या फेब्रुवारीला कळतच नाही.

व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तरी एका वेळी किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने देतात. तारखेच्या महिनाभर आधी जाऊ नका, पंधरा दिवस पुरे, नाहीतर तुम्ही आणि सून एकमेकींकडे बघत बसाल आणि खऱ्या गरजेच्या वेळी तुमचं परतीचं तिकीट आलेलं असेल. बीपी-शुगर असेल तर प्रवासी विमा घेताना जुन्या आजारांना तो काय देतो ते मुलाला नीट वाचायला सांगा, तिथला दवाखाना खिशाला फार महाग. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या.

आणि एक, रागावू नका. हॉस्पिटलमधनं बाळाला घरी आणताना तुमच्या मांडीवर देणार नाहीत, गाडीत मागे खुर्चीत पट्ट्याने बांधतील, दोन दिवसांचं असलं तरी. तिथला कायदा आहे तो. माझी आई त्या दिवशी सगळ्या रस्ताभर मागच्या सीटवर त्या खुर्चीवर हात ठेवून बसली होती आणि पुटपुटत होती, काय मेली माणसं आहेत. बाळ वेगळ्या पाळण्यात झोपवा म्हणून डॉक्टर सांगतील, तेल लावू का असं तुम्हाला विचारावं लागेल. विचारा. बहुतेक ती हो म्हणेल.

ताई, आम्ही दोघंही एमएस करतोय, बाळ वर्षाचं झालंय. त्याला घरचं दही भात द्यायचाय, पण इथे थंडीत दही लागतच नाही. तीन वेळा दूध वाया गेलं. प्रश्न फालतू वाटेल.

फालतू? सगळ्या पत्रांत हाच एक प्रश्न असा आहे की ज्याचं पक्कं उत्तर माझ्याकडे आहे. फुल फॅटचं साधं दूध घ्या, नीट उकळा, बोट बुडवून दहापर्यंत मोजता येईल इतकं कोमट होऊ द्या. दुकानातलं साधं दही, बिनसाखरेचं, डब्यावर जिवंत कल्चर असं लिहिलेलं बघून घ्या, त्यातलं चमचाभर विरजण. मग भांडं झाकून ओव्हनमधे ठेवायचं, ओव्हन लावायचा नाही, फक्त आतला दिवा चालू. जुन्या अपार्टमेंटमधला तो पिवळा बल्ब असतो ना त्याचीच ऊब पुरते, रात्रभर ठेवलं की सकाळी घट्ट. तुमच्या ओव्हनला नवा पांढरा एलईडी असेल तर मात्र ऊब येणार नाही, मग शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवा. आणि ओव्हनच्या दारावर चिठ्ठी लावा ‘आत दही आहे’, कारण दोघांपैकी एकजण रात्री बाराला लॅबमधनं येऊन फ्रोझन पिझ्झा लावणार, चारशेवर. आमचं पातेलं त्यातच गेलं. पहिल्या खेपेला दही जरा तारेचं येईल, ते कढीला वापरा आणि त्यातलंच चमचाभर पुढच्या विरजणाला ठेवा, तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत कवडी पडायला लागेल.